कायोच्या आवाजात

६ ऑक्टोबर
सान रोके

कायो,

फाडायची असली तर डाव्या हातानं फाड. उजव्याचा तुझ्या क्लबनं विमा उतरवलाय, उगाच त्यांचं नुकसान नको.

मी येउरी. तुझा भाऊ. गाव ज्याला पिसू म्हणतं तो. तिकडं तुला लोकांच्या पत्रांची पोती येतात आणि हल्ली त्यात निम्म्या शिव्या असतात असं ऐकलं, म्हणून आधीच सांगतो, हे शिव्यांतलं नाही. फोनच केला असता, पण तू नंबर बदललास, आणि नवा नंबर आईनं झग्याच्या आत छातीशी ठेवलाय. तिथून तो काढायची माझी हिंमत नाही. म्हणून स्टेडियमच्या पत्त्यावर लिहितोय. अक्षराला हसू नको. सातवीत शाळा सोडली ती तुझे चेंडू झेलायला कुणीतरी लागत होतं म्हणून. नाहीतर आज मी वकील असतो आणि तुझ्याच पैशावर जगलो असतो, फक्त टाय घालून.

गेल्या डिसेंबरचं अजून धरून बसलायस का? अरे, तू घरी आलास की फाटकाबाहेर रांग लागतेच. कुणाला औषधं, कुणाला घरावर पत्रे, कुणाला पोरासाठी ग्लव्ह. मी फक्त रांगेला शिस्त लावली. नंबर छापले, पन्नास पेसोला एक, विधवांना निम्म्यात. सगळं गाव हसलं, तूच एकटा चिडलास. मारलीस थोबाडीत, ठीक आहे, मोठा भाऊ आहेस. पण कायो, डाव्या हातानं मारलीस. मी गाल चोळत बसलो होतो, म्हणून तेव्हा लक्षात आलं नाही.

असो. हे पत्र माझं नाही, आईचं आहे. ती समोर बसून तुरीच्या शेंगा सोलतेय आणि सांगतेय.

ती म्हणते, आम्ही काय ऐकतोय हे? तू कागदावर सही करून बेसबॉल सोडणार? तिकडच्या पेपरात आलंय म्हणे, आणि इथं न्हाव्याच्या दुकानापासून चर्चच्या पायरीपर्यंत दुसरा विषय नाही. ती म्हणते, करार नऊ वर्षांचा आहे. चार झाली, पाच राहिली. खांदा दुखतो म्हणून तू मैदानावर उतरत नाहीस, तरी पगार येतोच, तो त्यांना बंद करता येत नाही. पण तूच आपणहून 'थांबतो' म्हणालास की राहिलेलं सगळं गेलं. मग म्हणू नको ना! बसून राहा. सही करायची घाई कुणाला आहे?

(मी तिला म्हणलं, त्याला लाज वाटत असेल. ती म्हणाली, लाजेवर मावशीची किडनी चालते का? आठवड्यातून तीनदा मशीनवर झोपवतात तिला, ते बिल लाज भरते का? आणि पुढं म्हणाली, बसायला काय खांदा लागतो? हे तिचं वाक्य आहे, मी फक्त लिहिलं.)

माझं मत विचारशील तर मी आईच्या बाजूनं आहे. गाव तुझ्यावर चाललंय, कायो. मैदानावरचे दिवे तुझे, दवाखान्याची गाडी तुझी, आणि मी ज्या दुकानाचा माल पोचवतो ती मोटारसायकलसुद्धा तुझ्याच पैशातली. तू थांबलास तर मला चालत जावं लागेल. विचार कर. एवढ्या उन्हात, बिअरची खोकी डोक्यावर घेऊन, तुझा सख्खा भाऊ.

आई विचारते, जेवतोस का नीट. तिकडं हिरवी केळी मिळतात का.

पिसू


२० ऑक्टोबर

कायो,

तुझी काल रेडिओवर फार सुंदर मुलाखत झाली. अभिनंदन.

आठवत नाही? साहजिक आहे. तू तिथं नव्हतास. मी होतो.

थांब, रागावू नको, नीट सांगतो. रादामेसचा दुपारचा कार्यक्रम तुला माहीतच आहे. बारा ते दोन, सगळी दुकानं तोच लावतात, रस्त्यानं चालत गेलं तरी एक वाक्य चुकत नाही. काल विषय काय, तर 'लेओकादिओ परलला एवढे पैसे देणं परवडलं का?' तुझं पूर्ण नाव घेऊन. पोलीस घेतात तसं.

पहिला फोन चिची न्हाव्याचा. दोन घरं सोडून त्याचं दुकान, रेडिओवरही ऐकू येत होता आणि खिडकीतूनही. म्हणाला, "रादामेस, मी हिशोब केलाय. करार झाल्यापासून त्यानं जितके चेंडू टाकले त्यांनी पैशाला भागलं, तर एका चेंडूत माझं दुकान येतं. खुर्च्यांसकट! आणि त्यातला निम्मा माल तर झेलणाऱ्याच्या डोक्यावरून गेला." मागं खुर्चीतलं गिऱ्हाईक हसत होतं.

मग कुणी बाई म्हणाली, क्लबवाले काय दूधखुळे आहेत का? पहिल्या दोन वर्षांत त्याच्या नावावर किती तिकिटं खपली, किती शर्ट विकले, ते कुणी बोलत नाही. पोरगा दमला तर आता हिशोब मागता?

मग आले तेलेस्फोरोकाका. साखर कारखान्यात चाळीस वर्षं काढलेला म्हातारा, हळूहळू बोलतो. "कारखाना बंद पडला तेव्हा मला मालकानं घरी बसवून पगार दिला का? माझाही खांदाच गेला होता. पोती उचलून." मग म्हातारा म्हणाला, "पण मी म्हणतो, देऊ दे त्याला. आता तोच आपला कारखाना आहे. कारखान्यानं थांबायचं नसतं."

मी माझ्या मालकाच्या दुकानाच्या मागच्या कोठीत कांद्याच्या पोत्यावर बसलो होतो. त्यानंतरचा फोन आला तो एका टवाळाचा. म्हणाला, "कायो संपला. त्याला ठाऊक आहे, म्हणून पळतोय." आणि माझं टाळकं सरकलं. नंबर लावला. मला वाटलं होतं, पिसू म्हणून दोन शिव्या घालीन आणि ठेवीन. पण तिकडून पोरीनं विचारलं, "कोण बोलतंय?" आणि माझ्या तोंडातून तू निघालास.

तुला माहितीये मला तुझा आवाज येतो. लहानपणी तुझ्या आवाजात शेजारच्या पोरींना हाका मारून तुला किती मार खायला लावलाय. ते घशातून येणारं, आधी छोटं खोकून मग "बघा, मित्रांनो" म्हणायचं, सगळं. रादामेस खुर्चीतून पडायचा राहिला. "कायो! तू स्वतः?"

मी म्हणलं, "बघा, मित्रांनो. मी कुठं पळत नाहीये. डिसेंबरात खांद्याचं ऑपरेशन करून घेणार, आणि पुढच्या मोसमात पुन्हा फेकणार. ज्याला पैसे वसूल झाले की नाही बघायचंय त्यानं तिकीट काढून यावं. आणि चिचीला सांगा, त्याच्या दुकानाएवढा एक चेंडू मी त्याच्या नावानं टाकीन."

कायो, तू रस्ता बघायला हवा होतास. लोक बाहेर आले. चिची वस्तरा हातात घेऊन नाचत होता, गिऱ्हाईकाच्या अर्ध्या गालावर साबण. भांडी बडवत होते. शेजारच्या बाईनं आईला मिठी मारली आणि आई रडली. मी पण बाहेर जाऊन नाचलो. मीच बोललो आणि मलाच खरं वाटलं.

आता तू एवढंच कर. दोन-चार दिवस गप्प बस. लोक विसरतील. नाही विसरले तर सांगून टाक की तो मी नव्हतो, कुणीतरी टवाळखोर होता. टवाळखोर कोण हे मात्र सांगू नको, आईची वहाण अजूनही नेमकी लागते.

पिसू


४ नोव्हेंबर

कायो,

रविवारी तुझा आईला फोन आला तेव्हा मी दाराआड होतो. नेहमीच असतो, तुला माहीत नसेल. आईला नीट ऐकू येत नाही म्हणून ती फोन मोठ्यानं लावते, म्हणजे दाराआडसुद्धा स्पष्ट ऐकू येतो.

तू म्हणालास, "आई, तो पिसू होता ना?"

आई म्हणाली, "कोण पिसू? काय पिसू?" तिला अजून खरंच माहीत नाही.

आणि तू हसलास. किती दिवसांनी हसलास ते! म्हणालास, "खोकला पण काढला त्यानं." मला वाटलं आता म्हणशील, दे त्याला फोन. नाही म्हणालास. चालेल. हसलास ना, मला पुरलं.

पण तू नाकारलं नाहीस! तिकडच्या पेपरात मोठं छापून आलं, 'परल परतणार', पोरांनी मोबाइलवर मला आणून दाखवलं. मला इंग्रजी तेवढंच कळलं. त्यांच्या माणसांनी तुला विचारलं म्हणे, आणि तू म्हणालास, 'बोललोय तर बोललोय.' कायो, हे वाचून मी मोटारसायकलवर उभा राहिलो. चालू मोटारसायकलवर. तीन डझन अंडी गेली.

मी गंमतच केली होती, देवाशपथ. पण गंमतीगंमतीत तुला उठवून बसवलं की नाही? इतकी वर्षं डॉक्टर, मालीश, बर्फ, सुया, कुणाच्यानं झालं नाही ते एका कांद्याच्या पोत्यावरून झालं. इथं शाळेच्या भिंतीवर पोरांनी तुझं चित्र काढलंय, हात वर उगारलेला. नाक माझं काढलंय चुकून, पण हात तुझा आहे.

कालपर्यंत जे हिशोब करत होते तेच आता भांडतायत की करार अजून पाच वर्षांनी वाढवायला हवा होता. तेलेस्फोरोकाका रोज संध्याकाळी कट्ट्यावर येतात, डोमिनो खेळताना मला विचारतात, "भावाचं काय नवं?" आणि मी सांगतो. काय सांगतो? सुचेल ते. परवा सांगितलं, समुद्राच्या वाळूत पळतोय. पळतोयस ना?

नाताळात येशील तर मी रांगेच्या भानगडीत पडणार नाही. शपथ.

पिसू


२३ नोव्हेंबर

कायो,

हे पत्र अंबिओरिक्सच्या हातात देतोय, पोस्टात टाकत नाही. तो सोमवारी परत जाणार. त्याला सांगितलंय, तुझ्यासमोर उभं राहून वाचून घ्यायचं.

अंबिओरिक्स काल आला. तुमच्या क्लबात सरावाचे चेंडू झेलतो, तर मला वाटलं तुझ्याबद्दल फुशारकी मारील. आल्या आल्या लोकांनी घेरला, रमची बाटली उघडली, "कायो कसा आहे? किती जोरात टाकतोय?" तो नुसता "मस्त, मस्त" करत होता. मी त्याचा चेहरा बघितला. कॅचरचा चेहरा मला कळतो, मी स्वतः सहा वर्षं तोंडावरच्या त्या जाळीमागं बसलोय. त्याला म्हणलं, चल, मोटारसायकलवर फिरवून आणतो. समुद्रापर्यंत गेलो. तिथं तो बोलला.

म्हणाला, "तू भाऊ आहेस ना त्याचा? मग तुला माहीत नाही?"

मी म्हणलं, "काय माहीत नाही?"

म्हणाला, "तो दात डाव्या हातानं घासतो रे. कॉफीचा कप उजव्यानं उचलला की डाव्यानं खालून धरतो."

आणि म्हणाला की डॉक्टरनं तुला स्वच्छ सांगितलं होतं. नस अगदी चिकटून आहे, चिरायला जाऊ नका. फेकणं विसरा, बाकी हात आयुष्यभर पुरेल. पोर उचलाल, गाडी चालवाल, घास तोंडात घालाल. आणि तू ऐकलं होतंस. कागद तयार होता. पेन सुद्धा काढलं होतंस म्हणे. पैसे गेले तर गेले, मी घरी जाऊन कोंबड्या पाळतो, असं त्याला म्हणाला होतास.

मग मी फोन केला.

अंबिओरिक्सला माहीत नाही तो कुणी केला. त्याला वाटतं तूच होतास. पण त्यानं मला आणखी एक सांगितलं. म्हणाला, कुणीतरी ती मुलाखत मोबाइलवर पाठवली, आणि कायो गाडीत बसून ती ऐकतो. सराव संपला की पार्किंगमध्ये, काच वर करून. संपली की पुन्हा लावतो. एकदा अंबिओरिक्स शेजारी बसला होता तेव्हा तू म्हणालास, "ऐक, कसा बोलतोय. असा बोलायचो मी, नाही का? ह्याला काही झालेलं नाही. हा फेकू शकतो."

कायो, तो तू नव्हतास.

तो मी होतो. मी कुठं फेकतो? मला चेंडू टाकता आला असता तर मी जाळीमागं बसलो असतो का? तो आवाज खात्रीचा वाटला कारण त्याला खांदाच नव्हता दुखायला. मागं कांदे होते आणि मला शिंका दाबून धराव्या लागत होत्या. ज्याला काही झालेलं नाही तो मी आहे, गाढवा. मला कधीच काही झालेलं नाही, कारण सगळं तुलाच झालं.

सांगून टाक त्यांना. आजच. म्हणावं, माझा भाऊ नालायक आहे, त्यानं गंमत केली. माझं नाव घे, पूर्ण नाव घे. इथं मला काय होणार आहे? चिची दोन दिवस फुकट दाढी करणार नाही. मला दाढीच नाही.

आईला मी काल सगळं सांगितलं. रेडिओचं पण. वहाण उचलली नाही तिनं. तेव्हाच मला भीती वाटली. मी विचारलं, "त्याचा हात हवा की पैसे हवेत?" म्हणाली, "असं विचारतात का आईला?" मी म्हणलं, "मग उत्तर दे ना." ती उठून आत गेली, मावशीला मशीनवर न्यायची वेळ झाली होती. जाताना म्हणाली, "डॉक्टर काय, घाबरवतातच. तुझ्या वेळी मला म्हणाले होते पोर जगणार नाही."

म्हणजे तिचं उत्तर तेच आहे, पण तोंडानं म्हणत नाही. तू तिचं ऐकू नको. पहिल्या पत्रात मी जे लिहिलं तेही ऐकू नको. मोटारसायकल विकायची आहेच मला, आवाज करते.

सही कर आणि ये. कोंबड्या मी आणून ठेवतो. गाव काय, चार दिवस बोलेल. कारखाना बंद पडला तेव्हा कुठं मेलं?

तुझा भाऊ


१२ डिसेंबर

कायो,

अंबिओरिक्सचा फोन आला.

म्हणाला, पत्र दिलं. म्हणाला, तू उभ्या उभ्या वाचलंस, दोनदा, आणि हसलास. म्हणालास, "कांदे! हरामखोराला शिंक कशी आली नाही?" आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलंस. त्याला वाटलं आता काम झालं. मग तू म्हणालास, "त्याला कळव, आवाज त्याचा असेल, पण बोलणं माझं होतं. मला नुसतं तोंडानं म्हणवत नव्हतं."

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दवाखान्यात गेलास.

तो सांगतो चार तास चाललं. तो सांगतो डॉक्टर चांगला होता, त्याचा दोष नाही, आधीच बजावलं होतं. तो सांगतो खांद्याची जखम छान भरतेय. मी विचारलं, बोटं? तो म्हणाला, जखम छान भरतेय. मी म्हणलं, अंबिओरिक्स, बोटं. तर तिकडून तो रडायला लागला. एवढा दांडगा माणूस.

आई बाहेर लोकांना सांगतेय, ऑपरेशन नीट झालं. लोक तिला केक आणून देतायत. मी पण एक तुकडा खाल्ला, समोर उभे होते सगळे.

चिची म्हणाला, "मग? माझा चेंडू कधी टाकणार?"

मी म्हणलं, लवकरच.

आता आणखी काय लिहू?


१५ मार्च

कायो,

तू भिंतीपलीकडं झोपलायस. पत्र दाराच्या फटीतून सरकवीन म्हणतो. तोंडानं बोलता येईल, पण तू येऊन तीन आठवडे झाले आणि आपण फक्त पाणी आलं का, वीज गेली का, एवढंच बोलतो. तू रागावलेला नाहीस हे मला कळतं. रागावला असतास तर बरं झालं असतं. तू फाटकातून आत आलास तेव्हा डाव्या हातानं माझा गाल थोपटलास, त्याच गालाला, आणि म्हणालास, "जाड झालास रे."

उपवासाचे दिवस आहेत म्हणून आईनं काल घेवड्याच्या दाण्यांची गोड खीर केली. मोठं पातेलं, साऱ्या गल्लीला पुरेल एवढी. तुझ्यापुढं वाटी ठेवली आणि चमचा उजवीकडं ठेवला. सवयीनं. मग तिनं हळूच तो उचलून डावीकडं ठेवला. तिला वाटलं कुणी बघितलं नाही. नंतर ती मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ रिकामं पातेलं घासत बसली.

पैसे येतात. दर पंधरा दिवसांनी, न चुकता. तू कागदावर सही केली नाहीस, तू प्रयत्न केलास, ऑपरेशन करून घेतलंस, आता हात गेला तर करार पाळायलाच हवा त्यांना. शेवटच्या वर्षापर्यंत. परवा रादामेसनं पुन्हा तोच विषय घेतला, परवडलं का, आणि ह्या वेळी सगळे एकमतानं म्हणाले, क्लब बुडाला, कायो जिंकला. चिची म्हणाला, "असा सौदा मला कुणी दिला तर दोन्ही हात देतो!" रादामेस खूप हसला. मग म्हणाला, कायो ऐकत असेल तर फोन कर, मित्रा. आपण सगळे बसलो होतो. आईनं रेडिओ बंद केला. तुम्ही दोघांनीही माझ्याकडं बघितलं नाही, ह्याचे उपकार मानतो.

मावशी मशीनवर जाते. दिवे लागतात. तेलेस्फोरोकाका तुझा डावा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "देव तुझं भलं करो, तू थांबला नाहीस." तू म्हणालास, "नाही, तेलेस्फोरोकाका." त्यांना तुझा उजवा हात खिशात का असतो ते कळलं की नाही, मला कळलं नाही. मला वाटतं कळलं.

मी माफी मागायला बसलो होतो. दोन पानं लिहून फाडली. त्यात मी फार चांगला माणूस दिसत होतो.

म्हणून नुसतं आज सकाळचं लिहितो, कारण तू मला खिडकीत बघितलं नाहीस.

तू फाटकाशी उभा होतास. समोरच्या रस्त्यावर पोरं खेळत होती, लहान लहान, भिंतीवरच्या चित्राखाली. त्यांचा चेंडू सुटला आणि घरंगळत तुझ्या पायाशी आला. पोरांनी बघितलं कुणाच्या पायाशी गेलाय ते. मग सगळ्यांनी ग्लव्ह वर केले. प्रत्येकाला वाटत होतं आपल्याकडं येईल. एकाकडं ग्लव्ह नव्हता, त्यानं दोन्ही तळवे उघडून धरले, डोळे मिटले, लागेल म्हणून.

तू खाली वाकलास. डाव्या हातानं उचललास. क्षणभर तसाच उभा राहिलास. मला वाटलं डाव्यानं टाकतोयस, वाकडातिकडा गेला तरी चालेल, टाक.

तू रस्ता ओलांडून चालत गेलास. एवढा रुंद रस्ता, मधे उन्हाचा झोत, तू सावकाश चाललास, आणि पोरांचे हात तसेच वर. त्या डोळे मिटलेल्या पोराच्या तळव्यात तू चेंडू ठेवलास. त्यानं डोळे उघडले. त्याला कळेचना काय झालं, तो तुझ्या मागं बघायला लागला, चेंडू टाकणारा कुठं आहे म्हणून.

तू परत आलास, मी दारात आलो होतो, तर म्हणालास, "ऊन फार आहे रे आज."

मी म्हणलं, "हो ना."

येउरी